पावती फाडण्याआधी: किरकोळ गुन्ह्याचा दंड, ई-चलन आणि न्यायालयातली तारीख कशी हाताळावी

सिग्नल मोडला, फलाटावर थुंकले, तिकीट नसताना डब्यात चढले किंवा मध्यरात्री चौकात आरडाओरड केली, तर पुढे काय होते याबद्दल बहुतेकांच्या मनात एकच समजूत असते: पैसे द्यायचे आणि सुटायचे. या समजुतीमुळे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. जिथे पैसे भरल्यावर विषय खरोखर संपतो तिथे ते तासभर हुज्जत घालतात, आणि जिथे दंड भरणे म्हणजे न्यायालयापुढे गुन्हा कबूल करणे असते तिथे कागद न वाचता सही करून मोकळे होतात. पुढील टप्पे महाराष्ट्रातल्या व्यवहाराला धरून आहेत. क्रम शक्यतो मोडू नये, कारण एका टप्प्यावरची चूक पुढच्या टप्प्यावर सहसा दुरुस्त होत नाही.

टप्पा 1: घरून निघण्याआधीची तयारी

वाहन चालवणाऱ्याने अनुज्ञप्ती (लायसन), नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी हे चारही कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमध्ये उतरवून ठेवावेत. या ॲपमधले कागद केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मूळ कागदांइतकेच ग्राह्य असतात. गॅलरीत साठवलेला फोटो मात्र ग्राह्य धरला जाईलच असे नाही, आणि नेमका तोच दाखवून लोक वाद घालतात. रेल्वेच्या मोबाइल तिकिटाचेही तसेच आहे. ते ॲपमध्ये उघडूनच दाखवावे लागते, त्याचा स्क्रीनशॉट म्हणजे तिकीट नव्हे. मासिक पास असल्यास त्यासोबतचे ओळखपत्र जवळ असले पाहिजे.

दुसरी तयारी मोबाइल क्रमांकाची. नोंदणी प्रमाणपत्राशी जोडलेला क्रमांक बंद पडला असेल तर ई-चलनाचा संदेश कोणत्या तरी जुन्या सिमवर जातो आणि मालकाला चलन कळते ते थेट विमा नूतनीकरणाच्या किंवा गाडी विकण्याच्या वेळी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक बदलता येतो.

तिसरी गोष्ट विकलेल्या गाडीची. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून एजंटाच्या हाती दिल्या म्हणजे गाडी नावावरून गेली, असे समजू नये. मी स्वतः ही चूक केली आहे. विकून सात महिने झालेल्या स्कूटरची तीन चलने माझ्या नावावर आली, आणि ती मीच केलेली नाहीत हे दाखवायला माझ्याजवळ विक्रीच्या पावतीची साधी छायाप्रतसुद्धा नव्हती. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 50 नुसार विकणाऱ्यानेही हस्तांतरणाची खबर द्यायची असते. राज्याच्या आतली विक्री असेल तर त्यासाठी 14 दिवसांची मुदत आहे.

तपासा: नोंदणी प्रमाणपत्रावरचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक हे तिन्ही आजचे आहेत का?

टप्पा 2: थांबवल्यानंतरची पहिली पाच मिनिटे

गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि आधी समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर अनुज्ञप्ती दाखवणे कलम 130 नुसार बंधनकारक आहे. त्यामुळे "आधी माझा गुन्हा सांगा, मग लायसन दाखवतो" हा पवित्रा कायद्यात बसत नाही. कागद दाखवल्यानंतर मात्र कोणत्या कलमाखाली कारवाई होते आहे आणि रक्कम किती, हे शांतपणे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो वापरावा.

नाव आणि पत्ता खराच सांगावा. ही बाब अनेकांना क्षुल्लक वाटते, पण कायद्यात ती क्षुल्लक नाही. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्यात पोलीस एरवी वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत अशा गुन्ह्यात, नाव-पत्ता सांगायला नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 39 नुसार तेवढ्याच कारणासाठी अटक होऊ शकते. खरे नाव-पत्ता कळल्यावर जामीनपत्रावर सोडले जाते, परंतु तोवर रात्र पोलीस ठाण्यात गेलेली असते. याच संहितेच्या कलम 172 मध्ये पोलिसाचा कायदेशीर आदेश न जुमानणाऱ्याला बाजूला करण्याची किंवा ताब्यात घेण्याची तरतूद आहे आणि किरकोळ प्रकरणात त्याला शक्य तितक्या लवकर, 24 तासांच्या आत, सोडायचे असते.

इशारा: पोलिसाच्या, टीसीच्या किंवा महापालिकेच्या कर्मचाऱ्याच्या हातातले यंत्र हिसकावणे, कॉलर धरणे, अंगावर गाडी घालणे यांपैकी काहीही झाले की 500 रुपयांचे प्रकरण तिथेच संपते आणि सरकारी कामात बळाचा वापर करून अडथळा आणल्याचा नवा गुन्हा सुरू होतो. तो भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम 132 खाली येतो, दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चित्रीकरण करायचे असेल तर अंतर राखून, दोन पावले मागे उभे राहून करावे.

टप्पा 3: दंड कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबून वाचावे. रस्त्यावर ज्याला सरसकट "दंड" म्हणतात त्याचे कायद्याच्या दृष्टीने तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार तडजोड शुल्काचा. वाहतुकीच्या बहुतेक लहान उल्लंघनांत पोलीस जी रक्कम घेतात ती मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 200 खालची असते. गुन्हा न्यायालयात न नेता शासनाने ठरवलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवायचे, असा याचा अर्थ. ती भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही आणि न्यायालयाने दोषी ठरवल्याची नोंदही होत नाही. तरीही उल्लंघनाची नोंद यंत्रणेत राहते आणि पुढच्या वेळी दुसऱ्यांदाचा दर लागतो. कलम 177 चे साधे उल्लंघन पहिल्यांदा 500 रुपयांचे असते, नंतरच्या वेळी 1500 रुपयांपर्यंत जाते. महाराष्ट्राने 2019 च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दर डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. त्यामुळे जुना दर पाठ असलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, आणि आपला पाठ असलेला दरही बहुधा जुनाच असतो.

दुसरा प्रकार प्रशासकीय आकाराचा. विनातिकीट प्रवासात टीसी जे पैसे घेतो ते रेल्वे अधिनियमाच्या कलम 138 नुसार: प्रवासाचे भाडे, आणि त्यावर भाड्याइतकी किंवा 250 रुपये यांतली जी जास्त असेल ती रक्कम. लोकलच्या दहा रुपयांच्या प्रवासाला 260 रुपये का लागतात, त्याचे उत्तर हे. प्रवास कुठून सुरू केला ते सिद्ध करता आले नाही, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे धरले जाते. पैसे देऊन पावती घेतली की प्रकरण संपते. नाकारले तर रेल्वे सुरक्षा दलाच्या ताब्यात दिले जाते आणि दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. फसवणुकीच्या हेतूने विनातिकीट प्रवास केल्याचे कलम 137 वेगळे आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खाडाखोड केलेला किंवा दुसऱ्याच्या नावाचा पास दाखवणारा याच कलमात सापडू शकतो, तेव्हा "विसरलो" म्हणणाऱ्याने आधी आपल्या खिशात काय आहे ते आठवावे. महापालिकेच्या स्वच्छता उपविधींखाली थुंकण्याबद्दल किंवा कचरा टाकण्याबद्दल जागेवर घेतली जाणारी रक्कम व्यवहारात याच प्रकारात मोडते. मुंबईत 2006 च्या उपविधींत थुंकण्याला 200 रुपये ठरवले होते. पुण्यात 2018 च्या नोव्हेंबरात 150 रुपये घेऊन वर थुंकलेली जागा त्याच माणसाकडून पुसूनही घेतली जात होती. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात 200 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तोही अधिकृत अधिकारी जागेवर घेऊ शकतो.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने दंडाचा, म्हणजे न्यायालयाने शिक्षा म्हणून ठोठावलेल्या रकमेचा. रस्त्यावर गोंधळ घालणे, असभ्य वर्तन, भांडण उकरून काढणे यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधली कलमे 110 आणि 112 लावली जातात आणि शिक्षा कलम 117 मध्ये आहे. ठाण्यात "एकशे दहा-एकशे सतरा केली" असे ऐकू येते ते हेच. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी उपद्रव देणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 355 मध्ये येते: 24 तासांपर्यंत साधी कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा सामुदायिक सेवा. रस्ता अडवण्याला कलम 285 मध्ये 5000 रुपयांपर्यंत आणि सार्वजनिक उपद्रवाला कलम 292 मध्ये 1000 रुपयांपर्यंत दंड आहे. जुन्या दंड संहितेत या दोन्ही गुन्ह्यांना 200 रुपयांची मर्यादा होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या प्रकरणात ती मर्यादा सांगत बसू नये. दारू पिऊन वाहन चालवण्याचे कलम 185 कलम 200 च्या यादीत नाही, म्हणून त्यात रस्त्यावर "मिटवण्याची" सोयच नाही.

तपासा: समोरचा जी रक्कम मागतो आहे ती यांपैकी कोणती? त्याला विचारावे: "साहेब, हे तडजोडीचे आहे की कोर्टात पाठवणार?" या एका प्रश्नावर पुढची वाट ठरते.

टप्पा 4: पैसे भरणे आणि पावती

तडजोड शुल्क किंवा टीसीचा आकार मान्य असेल तर तिथेच भरून टाकावा. पावती म्हणजे यंत्रातून निघालेला कागद, मोबाइलवर आलेला अधिकृत संदेश किंवा छापील क्रमांकाचे पुस्तक. वहीच्या फाटक्या पानावर लिहिलेला आकडा ही पावती नव्हे. पावतीवर तारीख, वेळ, जागा, कलम आणि रक्कम हे पाच तपशील असलेच पाहिजेत. यूपीआयने भरताना स्क्रीनवर खात्याचे किंवा शासनाचे नाव येते की एखाद्या व्यक्तीचे, ते पिन टाकण्याआधी पाहावे.

महापालिकेच्या नावाने पैसे मागणाऱ्याकडून ओळखपत्र आणि पावती दोन्ही मागून घ्यावेत. मुंबईत खासगी संस्थांमार्फत नेमलेल्या क्लीन-अप मार्शलांविरुद्ध इतक्या तक्रारी झाल्या की एप्रिल 2025 मध्ये महापालिकेने ती व्यवस्था थांबवली. अंगावरच्या जाकिटावरून अधिकार ओळखता येत नाही.

अनुज्ञप्ती ताब्यात घेतली असेल तर कलम 206 नुसार तिची तात्पुरती पोच मिळते आणि अनुज्ञप्ती परत मिळेपर्यंत त्या पोचेवर वाहन चालवता येते. पोच न घेता निघून जाणारे लोक नंतर दोन-दोन महिने चौकीत चकरा मारतात.

इशारा: "पावती नको, अर्ध्यात मिटवा" हे वाक्य बहुतेक वेळा आपणच आधी उच्चारतो, हे कबूल करायला हरकत नाही. ते वाक्य म्हणजे लाच देऊ करणे, आणि लाच देणाराही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली आरोपी होऊ शकतो. मागणी समोरून आली असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

टप्पा 5: ई-चलन आले असेल तर

संदेश आला की त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. राज्याचे चलन महाट्रॅफिकच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर स्वतः जाऊन, वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकून पाहावे. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता "डॉट जीओव्ही डॉट इन" ने संपतो. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) म्हणजे हमखास फसवणूक. ती उघडली की बँकेचे खाते रिकामे व्हायला वेळ लागत नाही.

चलन उघडल्यावर आधी छायाचित्र पाहावे, रक्कम नंतर. क्रमांकातला एखादा अंक चुकीचा वाचला आहे का, गाडीचा रंग आणि प्रकार आपलाच आहे का, त्या वेळी गाडी त्या शहरात होती का, एकाच उल्लंघनाची काही मिनिटांच्या अंतराने दोन चलने आली आहेत का, हे चार मुद्दे तपासावेत. यांपैकी काही चुकले असेल तर ॲपमधल्या तक्रारीच्या विभागात छायाचित्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि असल्यास टोल किंवा पार्किंगची पावती जोडून हरकत घ्यावी, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. छायाचित्रातली गाडी आपली नसून क्रमांक मात्र आपला असेल, तर कोणीतरी तो क्रमांक वापरतो आहे. अशा वेळी नुसती ऑनलाइन हरकत पुरत नाही, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून तिची पोच घ्यावी.

हरकत घ्यायची असेल तर आधी पैसे भरू नयेत. "भरून टाकतो, मग भांडतो" हा क्रम उलटा आहे, कारण तडजोड झाली की भांडायला काही उरत नाही.

गाडी मुलाने किंवा मित्राने चालवली असेल तरी चलन मालकाच्या नावावर येते, आणि चालकाची माहिती देणे कलम 133 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. चालक अल्पवयीन असेल तर विषय चलनाचा राहतच नाही. कलम 199अ मध्ये पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे, आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते.

आता सर्वांत लोकप्रिय गैरसमज: "सहा महिने थांबा, चलन आपोआप रद्द होते." यात अर्धे सत्य आहे. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालय घेऊ शकत नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 514 सांगते. मात्र सहा महिने मोजताना प्रकरण न्यायालयात दाखल झाल्याची तारीख धरली जाते, समन्स आपल्या हाती पडल्याची नव्हे. शिवाय उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे, आणि कैदेची शिक्षा असलेल्या कलमांना मुदत जास्त आहे. यंत्रणेतली थकबाकी तर मुदत उलटली म्हणून स्वतःहून पुसली जात नाही. मुदतीचा मुद्दा न्यायालयात मांडायचा असतो, घरी बसून त्याचा लाभ मिळत नाही.

टप्पा 6: समन्स आले आणि तारीख लागली

समन्स हाती पडताच न्यायालयाचे नाव, प्रकरण क्रमांक, कलम आणि तारीख वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरण सापडते. वाहतुकीची बरीच प्रकरणे व्हर्च्युअल कोर्टात जातात. तिथे दोनच वाटा असतात: गुन्हा कबूल करून दंड ऑनलाइन भरणे किंवा विरोध नोंदवणे. विरोध नोंदवला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते.

काही किरकोळ गुन्ह्यांत समन्सवरच दंडाची रक्कम लिहिलेली असते आणि न्यायालयात न जाता लेखी कबुली व रक्कम पाठवून प्रकरण संपवता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 229 मध्ये यासाठी 5000 रुपयांची मर्यादा आहे. मोटार वाहन अधिनियमात कलम 208 खाली अशीच, पण वेगळी सोय आहे. ही वाट सोपी दिसते, परंतु ती कबुलीची वाट आहे हे विसरू नये.

प्रत्यक्ष हजर राहायचे असेल तर सकाळी न्यायालय बसण्याआधी पोहोचावे, बाहेर लावलेल्या यादीत आपला क्रमांक शोधावा आणि पुकारा ऐकू येईल एवढ्या अंतरावर थांबावे. चहाला गेले, पुकारा झाला आणि वॉरंट निघाले, हे नित्याचे आहे. नाव पुकारल्यावर कलम वाचून दाखवले जाते आणि विचारले जाते: गुन्हा कबूल आहे का?

हा प्रश्न म्हणजे शिष्टाचार नव्हे. "आहे" म्हटले की बहुधा दोन मिनिटांत दंड ठोठावला जातो, आणि कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील, शिक्षेची मात्रा किंवा वैधता एवढा मुद्दा सोडला, तर करता येत नाही. "नाही" म्हटले की संक्षिप्त पद्धतीने खटला चालतो, तारखा पडतात, साक्षीदार येतात किंवा येत नाहीत. उल्लंघन खरोखर केले असेल आणि शिक्षा फक्त काही शे रुपयांची असेल, तर माझ्या मते कबुली देऊन कामावर जाणे बरे. परंतु कलमात कैद असेल, अनुज्ञप्ती निलंबित होण्याचा प्रश्न असेल किंवा आपण तो गुन्हा केलेलाच नसेल, तर शेजारच्या बाकावरच्या माणसाचे "हो म्हणा आणि सुटा" ऐकू नये.

दंड ठोठावला आणि जवळ पैसे नसतील तर मुदत मागावी. न भरल्यास कैद होऊ शकते. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात, दंड 5000 रुपयांपर्यंत असेल तर न भरल्याबद्दलची साधी कैद दोन महिन्यांपर्यंत असू शकते.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मदतीचा क्रमांक 15100.

टप्पा 7: लोक अदालत, पण समजून

थकलेली चलने राष्ट्रीय लोक अदालतीत मिटवता येतात. तारीख आधी जाहीर होते, त्यामुळे चलनांची यादी छापून आणि वाहनाचे कागद घेऊन जावे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून ज्या चलनावर खरी हरकत आहे ते या गठ्ठ्यात घालू नये. प्रत्येक वेळी निम्मी सूट मिळतेच, या समजुतीने मुद्दाम चलने साठवणारेही मला भेटले आहेत. दरम्यान दुसऱ्यांदाचा दर लागून मूळ रक्कम तिप्पट झालेली असते.

टप्पा 8: भरल्यानंतर

आठवड्याभराने संकेतस्थळावर चलन "भरले" असे दिसते का ते पाहावे. पैसे गेले पण नोंद बदलली नाही, असे होते, आणि तेव्हा व्यवहार क्रमांक हाच पुरावा असतो.

तिसऱ्या टप्प्यातला भेद इथे पुन्हा कामाला येतो. केंद्र सरकारच्या नोकरीत भरावा लागणारा साक्षांकन नमुना (अटेस्टेशन फॉर्म) "न्यायालयाने कधी दंड केला आहे का?" असे थेट विचारतो. तडजोड शुल्क किंवा टीसीचा आकार म्हणजे न्यायालयाचा दंड नव्हे. दंडाधिकाऱ्यापुढे कबुली देऊन भरलेले 200 रुपये मात्र न्यायालयाचा दंडच होत, आणि ते लपवणे हे मूळ गुन्ह्यापेक्षा उमेदवाराला जास्त महागात पडते. त्यामुळे न्यायालयात दंड भरला असेल तर पावतीवर न थांबता आदेशाच्या प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करावा. तीन-चार वर्षांनी पडताळणीच्या वेळी तो आदेश अभिलेख कक्षातून काढायला गेले, की प्रकरण क्रमांकही आठवत नसतो.